सात सेकंद

"पुन्हा आवाज फाटला," स्टुडिओच्या काचेबाहेर कंपनीचे कु साहेब ओरडले. "म्योंगजूबाई, ही पोरगी आज आपला जीव घेणार!"

काचेच्या आत हारिन मान खाली घालून उभी होती. वय वर्षं वीस, सकाळपासून पोटात एक उकडलेलं अंडं आणि अर्धं रताळं. तिच्या ग्रुपचं गाणं वर्षभर सोलमधल्या दुकानादुकानांत वाजत होतं. त्यातली सगळ्यात गाजलेली जागा, शेवटच्या कडव्याआधीची ती उंच चढणारी तान, तिच्या नावावर होती. नावावरच. गायली होती म्योंगजूने.

म्योंगजूचं कामच ते. गाणं कंपनीला विकायचं तर आधी कुणालातरी कच्चं गाऊन दाखवावं लागतं. मग ते ऐकून नावाजलेले लोक गातात आणि कच्चं पुसलं जातं. वीस वर्षं ती अशी पुसलं जाण्यासाठी गात आली. या गाण्यात मात्र हारिनला तान काही केल्या जमेना आणि गाणं बाजारात आणायची तारीख तर डोक्यावर आलेली. कंपनीने म्योंगजूची तान तशीच ठेवली आणि तोंड बंद ठेवण्याच्या कागदावर तिची सही घेतली.

पुढे पानगळीत तिच्या गळ्यातली गाठ काढली. ऑपरेशन उत्तम झालं, असं डॉक्टर म्हणाले. आवाजाच्या नसेला जरा धक्का लागला, एवढंच. एवढंच! आता खालचे सूर घोगरे येतात आणि वरचे येतच नाहीत. वीस वर्षांतलं उरलं काय, तर दुसरीच्या नावावरचे सात सेकंद.

कागद कागदाच्या जागी. कुन्सानच्या बाजारात सुकी मासळी विकणाऱ्या तिच्या आईने गाणं पहिल्यांदा ऐकलं आणि तडक फोन लावला होता. "ही तान तुझी. नऊ महिने पोटात वागवलंय तुला, मला शिकवू नकोस." तेव्हापासून ते गाणं लागलं की म्हातारी रेडिओ मोठा करायची, मग समोर गिऱ्हाईक ताटकळत उभं का असेना.

तेच सात सेकंद आज जाणार होते. मे महिन्यात एका कॉलेजच्या महोत्सवात हारिनचा आवाज नेमका तिथेच फाटला. लोकांनी मागचं संगीत काढून नुसता तो चिरका आवाज इंटरनेटवर टाकला आणि 'मग रेकॉर्डवर गातंय कोण?' अशी बोंब उठली. कंपनीने ठरवलं, तान हारिनकडून गाऊन घ्यायची आणि गुपचूप बदलून टाकायची. शिकवायला कोण? म्योंगजूबाई आहेतच की.

"अजून अर्धा तास," कु साहेबांनी घड्याळ पाहिलं. "नाहीच जमलं तर जुनंच राहू दे. लोक महिनाभर बोंबलतील आणि विसरतील."

हारिनचं काय चुकतंय ते म्योंगजूला पहिल्याच खेपेला कळलं होतं. सूर चढला की पोरगी हनुवटी वर करायची आणि गळा आवळून घ्यायची. तिने ते सांगितलं नाही की झालं. अर्धा तास गप्प बसायचं आणि सात सेकंद घेऊन घरी जायचं.

ती पाण्याची बाटली घेऊन आत गेली.

"ताई, तुम्ही रागावला आहात ना माझ्यावर?" हारिनने विचारलं.

"मी कशाला रागावू?"

"तुमचं मी लाटलं म्हणून." ती म्हणाली. "आमची खानावळ आईने बंद ठेवलीय. लोक येऊन विचारतात, त्या चोरटीची आई तुम्हीच का? मला खरंच येत नाही हो, ताई."

मेलीने हे बोलायला नको होतं. म्योंगजूला तिचा राग आला, कु साहेबांचा आला आणि स्वतःचा तर सगळ्यात जास्त आला.

"हनुवटी खाली घे," ती म्हणाली. "वर काय बघतेस? सूर काय छताला टांगलाय? गुडघे सैल सोड. आणि तानेच्या तोंडाशी श्वास घेऊ नकोस, आधीच्या ओळीत मध्येच चोरून घे."

"एकदा गाऊन दाखवा ना."

"येत असतं तर दाखवलं नसतं का, बये?"

तिसऱ्या खेपेला तान चढली. वर जाऊन स्थिर राहिली आणि अलगद खाली आली. कु साहेब टाळ्या पिटत उठले. "जुनी उडव रे!" ते रेकॉर्डिंगवाल्याला म्हणाले. कॉम्प्युटरच्या पडद्यावर जुन्या तानेची एक हिरवी पट्टी होती, ती नाहीशी झाली. हारिन येऊन गळ्यात पडली, हुंदके देऊन रडली. म्योंगजू तिची पाठ थोपटत राहिली. "छान गायलीस," ती म्हणाली. ते खरंच होतं आणि त्यामुळे तिला आणखीच भडभडून आलं.

दहा दिवसांनी दुपारी आईचा फोन आला. मागे बाजाराचा कलकलाट आणि रेडिओवर कुठलीशी जाहिरात.

"अगं, आत्ताच ते गाणं लागलं होतं. काढलं वाटतं तुला?"

"हो, आई."

"पोरगी बरी गाते." आईने कुणा गिऱ्हाईकाला मासळीचा भाव सांगितला. "मग आता तुझा आवाज मी कुठे ऐकू?"

"हा काय, बोलतेय की तुझ्याशी."

"काय? मोठ्याने बोल जरा."

म्योंगजूने जोर लावला. गळ्यातून नुसती खरखर आली.

"नाही गं ऐकू येत," आई म्हणाली. "थांब, रेडिओ बंद करते."