साहेबांची चार बोटं उंची

मित्रांनो, मी बसायची उशी आहे, म्हातारी आणि आता जरा चपटी. उशी म्हटलं की तुम्हाला झोप आठवत असेल, पण माझ्यावर कधी कुणी डोकं टेकवलं नाही. माझ्या वाट्याला साहेबांची दुसरी बाजू आली.

साहेब हवाई दलात कमांडर होते. आवाज दणदणीत, मिशा भरदार, उंची मात्र बेताची. विमानात बसले की समोरच्या काचेतून त्यांना नुसतं आभाळच दिसे. मग तळावरच्या शिंप्याने फाटक्या हवाई छत्रीचं कापड घेतलं आणि आत लोकर ठासली.

"साहेब, उशी जाड करू, की विमान बुटकं करून घेता?"

"उशीच कर. विमान सरकारचं आहे."

अशी मी चार बोटं जाडीची जन्मले आणि पुष्कळ उडाले. एकदा ढगात इतकी भिजले, की घरी बाईसाहेबांनी मला पिळलं तेव्हा बादलीभर ढग निघाला. खोटं वाटत असेल तर बादलीला विचारा.

निवृत्तीनंतर सरकारने साहेबांना शेजारच्या देशात राजदूत म्हणून पाठवलं. तिथल्या मंत्र्यांच्या दालनात पाहुण्यांच्या खुर्च्या मुद्दाम बुटक्या ठेवलेल्या. पाहुण्याची हनुवटी टेबलाला लागली की तो नरमाईने बोलतो, असा त्यांचा होरा. दुसऱ्याच भेटीला साहेब मला काखोटीला मारून गेले.

काम नाजूक होतं. आमचे दोन तरुण वैमानिक वाट चुकून त्यांच्या हद्दीत उतरले होते आणि कैदेत पडले होते. भेटींवर भेटी झाल्या. दरवेळी बोलणं रंगात आलं, की मंत्री तोंड वाकडं करून उठत. "पुढच्या वेळी पाहू."

साहेब घरी येऊन चिडले. "माझं बोलणं एवढं कडू लागतं का त्यांना?"

"बोलणं कसलं, पाठ दुखते त्यांची," बाईसाहेब म्हणाल्या. "परवा मेजवानीत उभ्यानेच जेवले. तुमचं लक्ष कुठे असतं हो?"

पुढच्या भेटीत साहेबांनी मला स्वतःखालून काढलं आणि मंत्र्यांच्या पाठीशी लावलं. स्वतः खुर्चीत बसले ते थेट मिशांपर्यंत बुडाले.

"राजदूत, कुठे गेलात?"

"इथेच आहे, टेबलाआडून बोलतोय. तुम्ही निवांत टेका."

मंत्री खो-खो हसले आणि पहिल्यांदाच मागे रेलले. त्या दिवशी ते उठलेच नाहीत. चहा येऊन गार झाला, पुन्हा आला, आणि संध्याकाळी सुटकेच्या कागदावर सही झाली.

निघताना साहेबांनी मला घ्यायला हात पुढे केला. मंत्री म्हणाले, "दोन माणसं घेऊन चाललात, ही तरी राहू द्या!"

साहेब घुटमळले. मला एकदा थोपटलं आणि गेले.

पुढे मंत्री बदलले, खुर्च्या बदलल्या. मी त्याच दालनातल्या कपाटाच्या तळाशी आहे, शिवण उसवून लोकर बाहेर आली आहे. मित्रांनो, घरातली जुनी वस्तू फेकण्याआधी तिला दोन टाके घालून पाहा. आणि ते दोघं वैमानिक कुठे भेटलेच, तर सांगा, त्यांच्या जागी मी अजून इथेच आहे. न्यायला आलात तर सुईदोरा आणा म्हणावं.