निळी पडलेली पट्टी

प्राचीने बसम्मांच्या पायाचं बँडेज सोडलं. जखमेवरची पिवळी पट्टी एका कडेला निळी पडली होती.

ही पट्टी तिनेच चार वर्षं प्रयोगशाळेत खपून तयार केली होती. जखम चिघळू लागली की पट्टीनं निळं व्हायचं, फुगून मऊ पडायचं आणि आत कोंडलेलं औषध जखमेत सोडायचं. कोल्हापुरातल्या या दवाखान्यात तिची चाचणी चालू होती. आतापर्यंतच्या अकरा रुग्णांत एकदाही घोळ झाला नव्हता.

ही पट्टी मात्र निळी होऊनही कडकच होती. जखम चिघळल्याचं तिनं ओळखलं होतं, पण औषध आतच अडकलं होतं.

"झालं न्हवं?" बसम्मा म्हणाल्या. "सोडा की आता. उद्या कागलात नातीचा साखरपुडा हाय."

"दुखतंय का, आज्जी?"

"काय बी दुखत न्हाय."

मधुमेहानं पाय बधिर झालेला, दुखणार कुठून? डॉक्टर मगदूम फेरीवर होते, शेजारच्या खोलीतून त्यांचा आवाज येत होता. ट्रेमध्ये कोरी पट्टी होती. बदलली असती तर कुणाला पत्ता लागला नसता. प्राचीनं ती उचललीसुद्धा.

"चला बसम्मा, आज सुट्टी!" डॉक्टर आत आले.

प्राचीनं पट्टी खाली ठेवली. "नको, सर. माझी पट्टी फसलीय. औषध सुटलेलंच नाही."

डॉक्टरांनी वाकून पाहिलं. "जखम तर कोरडी दिसतेय. रंग चुकला असेल."

"रंग बरोबर आहे. आत बघा."

"हे कागदावर आलं तर चाचणी थांबेल, प्राची."

"थांबू दे."

डॉक्टरांनी जखमेच्या कडेनं सळई हलकेच आत सरकवली. ती बोटभर आत गेली आणि मागून पू आला. डॉक्टरांचा चेहराच उतरला. "ताबडतोब ऑपरेशनला घ्या," ते नर्सला म्हणाले.

"आणि साखरपुडा काय तुझा बा करनार व्हय?" बसम्मा प्राचीवर कडाडल्या. दाराशी थांबलेल्या त्यांच्या लेकानं हातापाया पडून त्यांना थांबवलं.

पाय वाचला. चाचणी मात्र बंद पडली. बसम्मा घरी जाईपर्यंत प्राचीशी एक शब्द बोलल्या नाहीत. पुढच्या सोमवारी तिनं ती निळी पट्टी चिरून सूक्ष्मदर्शकाखाली धरली. औषधाचा थर वाळून आवळून बसला होता. तिनं वही उघडली आणि पहिल्यापासून सुरुवात केली.