कढतबाबांचं घंगाळ

धक्क्यावर इतकी गर्दी उसळली होती की मासळी उतरवायला जागा नव्हती. मधोमध चौरंग, चौरंगावर तांब्याचं भलंमोठं घंगाळ, घंगाळात गार पाणी आणि त्या पाण्यात एका खलाशाचा सुजलेला पाय. त्याला पाकटीचा काटा लागला होता. पाकट म्हणजे चिखलात दडून बसणारा चपटा मासा. त्याच्या शेपटीतला विषारी काटा घुसला की भले भले टाहो फोडतात.

"चूल नाही, विस्तव नाही!" कढतबाबा गरजले. "समुद्राच्या पोटातला वडवानल मी मुठीत धरून आणलाय! बोला भक्तहो, पाणी कसं आहे?"

"गार!"

बाबांनी गडूतलं तीर्थ घंगाळाच्या काठावरून ओतलं, डोळे गरागरा फिरवले आणि "वडवा फट्, कढवा फट्" असं काहीबाही पुटपुटले. हळूहळू पाण्यातून वाफ निघू लागली. खलाशी ओरडायचा थांबला. काही वेळाने तो हसला आणि मग चक्क एका पायावर नाचला. सगळा धक्का त्याच्याबरोबर नाचायला लागला.

मी या गावची नर्स. गावाच्या एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला दलदल, आणि रस्ता फक्त नकाशात. दवाखाना म्हणजे एक खोली, एक खाट, ऑक्सिजनचं एक नळकांडं आणि मी. अगदीच जिवावर बेतलं तर फोन करायचा, की पलीकडच्या शहरातून डॉक्टर घेऊन रुग्णवाहिका-बोट येते. पण खाडीच्या तोंडाशी गाळ साचलाय, त्यामुळे भरती असली तरच. ओहोटीत काही झालं तर आम्ही नुसते पाण्याकडे बघत बसतो.

बाबा आल्यापासून माझी खाट रिकामी. खोकलेवाला घंगाळात पाय बुडवायचा, मूळव्याधवाला बुडवायचा, आणि दाढ ठणकणारा पोस्टमनही गाल धरून पायच बुडवायचा! पट्टशिष्या कोण, तर आमच्या सासूबाई. बाबांसमोर माईक धरायचा मान त्यांचा.

त्या सकाळी खलाशाचा नाच संपला आणि सासूबाईंनी माईक तोंडाशी नेला. "बाबांच्या कृपेनं..." एवढंच बोलून त्या थांबल्या. कपाळावर घाम फुटला होता. त्यांनी एक हात छातीवर दाबला.

"कुठं दुखतंय, आई?"

"छातीवर कुणीतरी बसलंय गं. जबड्यापर्यंत कळ येतेय."

मी ॲस्पिरिनची गोळी चावायला लावली आणि फोन केला. "निघालोच," डॉक्टर म्हणाले, "पण भरती सरत आलीय. धक्क्यावर तयार ठेवा, आम्हाला थांबता येणार नाही."

आणि सासूबाईंनी घंगाळाला मिठी मारली!

"मला बोट नको. माझे पाय यात ठेव."

"विधी मोडला तर कोप होईल, सिस्टर," मागून कुणीतरी म्हणालं. बाबांना जोर चढला. "बोटीवर पाऊल ठेवलं की वडवानल विझलाच! मग मी जबाबदार नाही."

मी घाबरले होते. ही बाई मला रोज चहावरून बोलते, पण माझी आई गेली तेव्हा रात्रभर मला कुशीत घेऊन हीच बसली होती. तिला मी घंगाळावर सोडून देणार नव्हते.

"आई, ओरडत नाही, एकच विचारते. हे घंगाळ बाहेरून केवढं?"

"गुडघ्याएवढं."

"मग काठोकाठ भरूनही पाय घोट्यापर्यंतच कसा बुडतो?"

सासूबाईंचा जन्म भांड्याकुंड्यांत गेलेला. त्यांनी बाहेरून हात फिरवला, आत पंजा घातला आणि बाबांकडे असं बघितलं की बाबा दोन पावलं मागे सरले.

"मेल्या! दुहेरी बुडाचं भांडं?"

"लांब व्हा सगळे!" म्हणत मी घंगाळ कलंडवलं. काठावरच्या छोट्या भोकातून पांढराफेक, वाफाळता रबडा भसाभसा बाहेर आला.

"अहो, हा माझा कळीचा चुना!" गर्दीतला गवंडी किंचाळला. "आश्रमाला रंग द्यायचा म्हणून फुकट नेला की यांनी!"

कळीच्या चुन्यावर पाणी पडलं की तो आपोआप तापतो. वरून तीर्थ, खाली चुना; हा बाबांचा वडवानल!

तेवढ्यात बोटीचा भोंगा वाजला. सासूबाई आपणहून स्ट्रेचरवर आडव्या झाल्या. ऑक्सिजनचा मास्क लावेपर्यंत त्या बाबांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होत्या. पाणी उतरायच्या आत बोट निसटली.

"पण सिस्टर," खलाशी डोकं खाजवत म्हणाला, "माझा पाय तर खरंच थांबला दुखायचा."

उत्तर बाबांनीच दिलं. ते आपली होडी ढकलत ओहोटीच्या चिखलातून पळ काढत होते. एकदम केवढी तरी किंकाळी आली. "सिस्टर! मेलो! पाकट!"

चार जणांनी त्यांना उचलून आणलं. मी स्टोव्हवर पाणी तापवलं, कोपर घालून पाहिलं आणि साध्या बादलीत त्यांचा पाय बुडवला.

"मंत्र म्हणू का, बाबा?"

"मंत्र राहू द्या हो! पाणी थोडं गरम घाला!"

लोक हसून हसून लोळले. पाकटीच्या विषाची कळ सोसवेल इतक्या गरम पाण्याने उतरते, मग ते चुन्यावर तापवा की स्टोव्हवर. म्हणून तर बाबा खपले. एक गोष्ट खरी निघाली आणि तिच्या आडून शंभर खोट्या आत आल्या. बरं वाटलं, ठीक; पण कशाने वाटलं आणि दुसऱ्या दुखण्यालाही तेच का चालेल, एवढं तरी विचारा ना! जखम धुऊन, धनुर्वाताचं इंजेक्शन टोचून मी बाबांना पोलिसांच्या हवाली केलं.

सासूबाईंच्या हृदयाची बंद झालेली रक्तवाहिनी शहरात उघडली. आठवड्याने त्या परतल्या तेव्हा धक्क्यावर पुन्हा तीच गर्दी. कुणी बोटीला हात लावून कपाळाला लावला, तर कुणी आरोळी ठोकली, "बोटमाता की जय!"

सासूबाई डेकवर कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"गप्प बसा! माता कसली? डिझेलवर चालणारं यंत्र आहे ते. त्या दिवशी पाणी उतरलं असतं तर गाळात रुतलं असतं आणि मी इथंच मेले असते. उद्या ओहोटीत तुमच्यातल्या कुणाच्या छातीत कळ आली तर काय, जयजयकार करणार? फावडी आणा आणि तो गाळ उपसा!"