पंधरावी काठी

मी एक जुना पटर आहे. गोल्फमध्ये चेंडू शेवटी खळगीत हलकेच ढकलायला जी काठी लागते, ती मी. मित्रांनो, स्वभाव आधीच सांगून टाकतो: मी संशयी आहे. जन्म गवताचा उतार ओळखण्यात गेला. सपाट दिसणारं गवतच जास्त फसवतं, हे मला चांगलं ठाऊक आहे.

माझ्या पहिल्या मालकाने एक सोपा फटका चुकवला आणि राग माझ्यावर काढून मला तळ्याकाठी फेकलं. मैदानाचं गवत कापणाऱ्या एका माणसाने मला उचललं. मालक म्हणाला, "राहू दे तुलाच." इतक्या सहज कुणी काही देतं का? मला तेव्हाही शंका आली. त्या माणसाने माझी दांडी आपल्या नऊ वर्षांच्या मुलीच्या उंचीला कापली. ती वाढत गेली, तशी दांडी दोनदा बदलली.

पुढे तिने मोठमोठ्या अकरा स्पर्धा जिंकल्या. शेवटचा फटका दर वेळी माझाच. तिची बॅग वाहायचा तिचा थोरला भाऊ. लोक चषकाचे फोटो काढत आणि मला बॅगेत कोंबत. मग एक चकचकीत नवा पटर आला. लोकांच्या तोंडून त्याचं गोड कौतुक ऐकूनच मी ओळखलं, पाणी कुठेतरी मुरतंय. झालंही तसंच. गरज सरो, वैद्य मरो. मी कपाटामागे गेलो.

एका मोठ्या स्पर्धेच्या शेवटच्या दिवशी सकाळी वडिलांनी मला बाहेर काढलं. माझ्या मुठीला नवी पट्टी गुंडाळली आणि भावाने काठ्या मोजून बॅग दाराशी ठेवल्यावर मला गुपचूप तळाशी सरकवलं. नव्या पटरवर त्यांचाही विश्वास नव्हता. मला वाटलं, मला विकायला नेताहेत.

बॅगेत चौदाच काठ्या चालतात. मी पंधरावा. दुसऱ्या खळगीपाशी भावाचा हात मला लागला आणि त्याचा चेहरा उतरला.

"कुणी पाहिलं नाहीये," तो पुटपुटला.

"आपण पाहिलं ना," ती म्हणाली आणि पंचांना हाक मारली.

दोन खळग्यांचे मिळून चार फटके दंड झाला. ती तीन फटक्यांनी हरली; दंड नसता, तर जिंकली असती.

मग संशयाचं पीक आलं. भावाने मुद्दाम केलं, कुणीतरी त्याला फितवलं, असं लोक उघड बोलू लागले. संशयाला औषध नसतं, मित्रांनो, आणि मी स्वतःच तो रोगी. मला वाटलं, बहीणही आता त्याला काढून टाकणार. खरं काय ते मला माहीत होतं, पण सांगणार कसं?

आठवड्याने जेवणाच्या टेबलावर भाऊ म्हणाला, "मीच मोजताना चुकलो. तू दुसरा माणूस बघ."

वडिलांचा घास हातातच राहिला. "त्याचं काही चुकलं नाही," ते म्हणाले. "मी ठेवला होता. तुला याची सवय आहे म्हणून. चौदाचा नियम लक्षातच आला नाही, आणि नंतर सांगायचा धीर झाला नाही."

"माहितीये, बाबा," ती म्हणाली. "मुठीची पट्टी उलटी गुंडाळलेली होती. आपल्या घरात डावरे तुम्ही एकटेच."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

भाऊ ताडकन उठला. "आणि मला वाटलं त्याचं काय?"

ती नुसती रडली. दुसऱ्या दिवशी तिने वर्तमानपत्राला सगळं खरं सांगितलं. भाऊ पुन्हा बॅग उचलायला आला, पण पूर्वीसारखा हसायला त्याला वर्ष लागलं.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, पुसून ठेवा, हे तर आहेच. पण कुणासाठी काही करायचं असेल, तर सांगून करा. आणि मनात संशय आला, तर समोरच्याला विचारा. मला तोंड नव्हतं. तुम्हाला आहे.