काटा डुलत राहिला

"या खोक्यापायी माझं कंबरडं मोडणार एक दिवस," कपाटामागे आडवी होऊन लेक पुटपुटली. तिचं तोंड माझ्या पाठीपाशी होतं, म्हणून ते मलाच ऐकू आलं.

मी एक जुनी घुमाऱ्याची पेटी आहे. मित्रांनो, माझ्या पोटात लांब स्प्रिंग आहे. कॉम्प्युटरमधलं गाणं एका वायरीने माझ्याकडे येतं, स्प्रिंगला थरथरवतं आणि मोठ्या रिकाम्या दालनात गायल्यासारखं होऊन दुसऱ्या वायरीने परत जातं. घरातच गाणी रेकॉर्ड करणाऱ्या बाबांनी मला स्वतः घडवलं, तेव्हा त्यांची ही लेक रांगत होती. कॉम्प्युटर कितीही चपळ असो, मी मधे असले की गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवावंच लागतं. घाई मला जमत नाही. "आवाजाला जाऊन यायला वेळ नको का?" बाबा म्हणायचे. गाणारे जाताना माझ्या पत्र्यावर थोपटून जात.

त्या दिवशी लेकीने कॉम्प्युटरला नवं यंत्र जोडलं आणि माझ्या वायरी त्यात खोचल्या. माझ्याकडे येणारी नीट बसली. परतीची मात्र भलत्याच भोकात गेली. गाणं माझ्यापर्यंत यायचं, आत येणारा आवाज दाखवणारा माझ्या पत्र्यावरचा काटा डुलायचा, पण माझ्याकडून परत काहीच जात नव्हतं.

बाबांनी काट्याकडे पाहिलं. "वा! काय घुमारा आहे!"

लेकीने चमकून नवऱ्याकडे पाहिलं. तो चष्मा पुसू लागला.

"वायर नंतर बघू," ती म्हणाली. त्या 'नंतर'ला सहा महिने झाले. बाबा फिरायला गेले की ती कॉम्प्युटरमधलाच तयार घुमारा गाण्याला लावायची आणि चुटकीसरशी काम उरकायची. घरात हल्ली प्रत्येक वाक्य दोनदा बोललं जाई. का, ते कुणीच बोलत नव्हतं.

आणि मी? फुकटचं कौतुक गिळत बसले होते. खोटं बोलायला मला तोंड नाही, पण काटा आहे ना! बाबा त्याच्याकडे पाहून खूश होत आणि मला पत्र्याच्या आत लपावंसं वाटे.

मग बाबांची धाकटी बहीण आली. वीस वर्षांनी गायली. "दादा, हे गाणं तुझ्याच पेटीतून जाऊ दे," म्हणाली. बाबा हरखले. "मीच करतो आणि मीच पाठवतो. कुणी हात लावायचा नाही."

चार मिनिटं गाणं वाजलं. आत्याचा आवाज कोरडाच, जसा होता तसा. काट्या, थांब रे, मी विनवत होते. मेला डुलतच राहिला.

मित्रांनो, आमची धूळ पुसा, वायरी तपासा, हे मागणं तर आहेच. पण काटा हलतोय म्हणजे सगळं ठीक आहे, असं समजू नका. ना पेटीचं, ना माणसाचं.

"ऐकलंस? काय घुमलीस!" बाबा आत्याला म्हणाले आणि गाणं पाठवायला हात पुढे केला.

आत्याने कानावरचा हेडफोन काढला. भाचीकडे पाहिलं. भाची जमिनीकडे बघत होती.

"दादा," आत्या म्हणाली. बाबा काट्याकडे पाहून मान डोलावत राहिले. तिने त्यांचा हात धरला, हनुवटी आपल्याकडे वळवली आणि ओठ नीट दिसतील अशा बेताने म्हणाली,

"घुमारा येतच नाहीये, दादा. तुला ऐकू येत नाही."