देवीनं मागून घेतलेला गळा

बुधवारा मोहल्ल्यातल्या लीलाधर महाराजाच्या मठात देवी गाऊ लागली आणि सगळं बऱ्हाणपूर लोटलं. दगडी मूर्ती, मिटलेले ओठ, अन् आतून बाईचा गोड आवाज! दर मंगळवारी नवी ओवी. माणसं चेंगरत होती, रडत होती, नारळ फोडत होती.

आवाज सोजरबाईचा आहे, हे सगळ्यांनी ओळखलं. तीस वर्षं तिनं हळदीच्या मांडवात गाणी म्हटली होती. महाराजानं उलगडा केला, "आईनं सोजरचा गळा मागून घेतला, भक्तहो! आता ती ज्या घरी गाईल, त्या घराचं वाटोळं!"

झालं. भर लग्नसराईत सोजरबाईला एकही बोलावणं आलं नाही. घरातही ती पदर तोंडात कोंबून वावरू लागली. आपण गळा कधी दिला, हेच तिला आठवेना.

एका मंगळवारी ती शेजारच्या वर्षा मास्तरणीसोबत गर्दीत जाऊन उभी राहिली. देवी गात होती, "गोटू निजला गं बाई, केळीच्या गार पानात..."

"गोटू म्हणजे साक्षात बाळकृष्ण!" महाराज डोळे मिटून म्हणाला.

सोजरबाईनं वर्षाचा हात घट्ट धरला. "गोटू माझा पोऱ्या व्हता. दोन वर्साचा गेला. हे मी मांडवात कधीच नाही म्हटलं. महाराजाचा तो चेला, सुधाकर, मागच्या साली मोबाइल घेऊन आलता. म्हने, महाराज बीमार है, त्याहिले ऐकवतो. दोन दिवस गाऊन घेतलं. हे फक्त त्याच्याच पुढे म्हटलं व्हतं."

वर्षा शाळेत विज्ञान शिकवायची. ती तडक मूर्तीमागे गेली, पडदा ओढला, प्लग उपटला. देवी मुकी झाली. मागे स्पीकर, लॅपटॉप आणि घामाघूम सुधाकर.

"यांचं रेकॉर्डिंग यंत्राला शिकवलंय," वर्षा ओरडून म्हणाली. "ते यांच्याच ओव्या मोडून, यांच्याच आवाजात नव्या जुळवतं. यांना विचारलं होतं का?"

"गळ्यावर काय नाव लिखेल है?" महाराज हसला. "जबरदस्ती थोडीच केली?"

"ऐकवायला मागितलं, अन् चोरून वापरलं! वर त्यांनाच गप्प बसवलं. लोकहो, देवीला विजेची तार कशाला लागते, एवढं तरी विचारा!"

महाराज मागच्या दारानं सटकला. कुणीतरी म्हणालं, "मावशी, आता तुम्हीच म्हणा."

सोजरबाई गायली. कित्येक महिने दाबलेला गळा पहिल्याच ओळीत चिरकला.

चपला शोधत एक बाई दुसरीला म्हणाली, "देवीचाच बरा व्हता."