टेकडीवरची जुल्मिरा

धरणाचे दरवाजे बंद झाल्यापासून फिर्मिनो रोज होडी घेऊन बुडत्या जंगलात जाई. शेंड्यांवर अडकलेली जनावरं उतरवून पलीकडच्या रानात सोडायची, हे धरणवाल्यांनी दिलेलं काम. नदी अशी कधी फुगली नव्हती. तिला प्रवाह उरला नव्हता, आवाज नव्हता, नुसतंच पाणी चढत होतं. नव्या वसाहतीतल्या घरात फिर्मिनोचा डोळा लागत नसे.

त्या सकाळी होडीत तीन कासवं आणि एक चिडकं माकड होतं. टेकडीवर धूर दिसला म्हणून त्याने होडी वळवली. झाडाला आळशी, ते लांब नखांचं संथ जनावर, लोंबकळत होतं, आणि त्या झाडाखाली म्हातारी जुल्मिरा कसाव्याच्या कंदाचं पीठ भाजत बसली होती. तिच्या घराचे पैसे तिला मिळाले होते, वसाहतीत खोलीही मिळाली होती. तरी ती होडी वल्हवत परत आली होती.

"काय रे, मलाही पिंजऱ्यात घालायला आलास?"

"मावशी, पाणी चढतंय."

"चढू दे. मलाही चढता येतं."

आळशाची नखं फांदीवरून सोडवत फिर्मिनो म्हणाला, "टेकडी संपली की कुठे चढाल?"

"या बिचाऱ्यांना कुठे सोडतोस?"

"पलीकडे, रानात."

"त्यांना विचारलंस?"

फिर्मिनो भडकला. "मला तरी कुणी विचारलं? माझं घर मीच पाडलं, मावशी! रोज त्याच्यावरून होडी नेतो. आईला पुरलं ती जागा आली की मोटर वर उचलून घेतो. खाली काही लागेल म्हणून. आणि तुम्ही इथे पीठ भाजताय!"

म्हातारीने चूल विझवली, कढई उचलली.

"चल. तुला एकट्याने परत जाता येईल असं दिसत नाही."

होडीत बसताच आळशाने तिच्या दंडाला मिठी मारली. "नवरा कधी असा बिलगला नाही," ती म्हणाली. फिर्मिनोला हसू आलं आणि लगेच डोळे भरून आले.

पलीकडच्या काठावर जनावरं सोडली. कासवं तर मागे न बघता गेली. जुल्मिरा मात्र होडीत परत चढेना.

"वसाहतीत मला गुदमरायला होतं. इथे छप्पर घालते."

"एकट्या?"

"तू पीठमीठ आणशील की."

त्याने नाना परींनी विनवलं. ती फांद्या गोळा करू लागली होती.

दुपारी फिर्मिनो घरी पोचला. त्याची बायको नाझारे दारात कपडे वाळत घालत होती. तो तसाच उभा राहिला, ओल्या पायांनी.

"सामान बांध."

"पुन्हा? आता कुठे?"

"पलीकडे. जुल्मिरामावशी तिथे आहे."

नाझारे चिडेल असं त्याला वाटलं होतं. तिने दोरीवरचे ओले कपडे तसेच ओढून काढले आणि टोपलीत कोंबले.

"कधीची वाट बघत होते," ती म्हणाली.